सडा कोणाचा? पुळण कोणाची?

तुमच्या घरी एखाद्या ट्रंकेत जपून ठेवलेला सातबाराचा उतारा असेल. वडीलधाऱ्या माणसांना विचारा, म्हणजे आपली जमीन किती गुंठे, कोणत्या हिश्श्यात, तिच्यात आंब्याची कलमे किती, हे ते तोंडपाठ सांगतील. आता त्यांना दुसरा प्रश्न विचारा. ‘आपल्या गावात सर्वांची मिळून जमीन किती?’

बहुधा थोडा वेळ कोणीच बोलणार नाही. मग एखादा म्हणेल, ‘ती सरकारची.’ आजी म्हणेल, ‘ती देवाची.’ आणि ओटीवर बसलेला शेजारी म्हणेल, ‘ती कोणाचीच नाही!’ या तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु तिसरे उत्तर सर्वांत धोक्याचे आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी आपण एका गावातून फेरफटका मारू या.

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्याजवळचे कोणतेही गाव घ्या. त्याची रचना जिन्यासारखी असते. सर्वांत वर कातळाचा सपाट सडा. त्याच्या उतारावर बागा आणि वरकस जमीन. त्याखाली वाडी, वाडीतून जाणाऱ्या पाखाड्या आणि खळाळत उतरणारा व्हाळ. पुढे भाताचे मळे, मग खाडीकाठचे खाजण आणि शेवटी समुद्राची पुळण. आपण वरून खाली येऊ.

सड्यावर

मे महिन्यात सड्यावर उभे राहिलात, तर ‘येथे काय आहे?’ असाच प्रश्न पडेल. करपलेले गवत, काळपट तांबडा दगड आणि पायाला चटके. परंतु हाच सडा जुलै-ऑगस्टमध्ये पाहा. खळग्याखळग्यांत पाणी साठलेले असते आणि त्या पाण्याच्या काठाने निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरलेला असतो. ही फुले म्हणजे सीतेची आसवे. दिसायला नाजूक असली तरी ही वनस्पती चक्क मांसाहारी आहे. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र फार थोडे असते. ती उणीव भरून काढण्यासाठी तिच्या मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात व त्यांत पाण्यातील सूक्ष्म जीव ओढले जातात. तिच्या शेजारी पांढऱ्या गुंडीसारखी फुले दिसतात, ती गेंद. पावसाच्या सुरुवातीला दिपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही दिपकाडी कोकणच्या सड्यांवरचीच रहिवासी आहे. जगात इतरत्र ती रानात आपणहून उगवलेली सापडत नाही.

हा कातळ म्हणजे जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या सर्वेक्षकाने केरळातील असाच दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. मलबारातील लोक तो विटेसारखा कापून घरे बांधत होते, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडचा चिराही तसाच कापतात. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात लक्षावधी वर्षे खडकातील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचा. अशा प्रकारे ‘धुपलेला’ दगड सच्छिद्र असतो. त्यात नळ्यांसारखी भोके असतात आणि मधूनमधून भेगा असतात.

आता एक साधे गणित करू. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिशोबाला ३ मीटर धरा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एक हेक्टर सड्यावर दरवर्षी ३०,००० घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी पडते. त्यातील बरेचसे वाहून जाते. फक्त एक दशांश पाणी जांभ्याच्या भोकांतून व भेगांतून खाली मुरते, असे मानू. तरी तीस लाख लिटर होतात. माणशी रोज ५५ लिटर या हिशोबाने हे पाणी सुमारे दीडशे माणसांना वर्षभर पुरेल. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर तीनशे टँकर. एवढे पाणी एका हेक्टरमधून, आणि तेही पंप, टाकी वा वीज यांवाचून!

मुरलेले पाणी जांभ्याच्या खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत पोहोचते. तेथे त्याची वाट अडते, म्हणून ते आडवे सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. तुमच्या वाडीतील व्हाळ आणि डोंगरपायथ्याच्या विहिरी अशा पाण्यावर जगतात. अर्थात जांभा हा काही फार चांगला कंजूष नव्हे. मुरलेले पाणी तो लवकरच सोडून देतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झरे बारीक होतात आणि तीन मीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरू लागतात. परंतु सड्याचा वरचा थर खरवडून काढला किंवा त्यावर काँक्रीट ओतले, तर हे थोड्या महिन्यांचे पाणीही राहणार नाही.

सड्याची आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत जगाला कळली. या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी प्रचंड चित्रे कोरून ठेवली आहेत. त्यांना आपण कातळशिल्पे म्हणतो. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या शरीरात इतर प्राण्यांची चित्रे भरलेली आहेत. काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही, तेव्हा कोरणाऱ्याने तो कोठे पाहिला असेल? रत्नागिरीतील हौशी शोधकांनी गावोगावच्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत ही चित्रे शोधून काढली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ जागा गेल्या. त्यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी या सात रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. ज्यांना ही चित्रे ठाऊक होती ते बहुतेक गुरे चारायला सड्यावर जाणारे लोक होते, हे ध्यानात ठेवा. सडा सर्वांना फिरायला मोकळा होता म्हणूनच ती चित्रे आठवणीत राहिली.

कागदावरचा सडा

पाणी, चारा, फुले, इतिहास एवढे सगळे देणाऱ्या या सड्याला कागदावर काय म्हणतात? ‘पोटखराब’! देशभरच्या पडीक जमिनींचे जे नकाशे तयार करण्यात आले त्यांतही उघड्या कातळाची गणना पडीकात केलेली आहे. इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी मुख्यतः सारा ठरविण्यासाठी झाली. ज्या तुकड्यात पीक येत नाही त्याला सारा नाही, आणि ज्याला सारा नाही तो खराब. शब्द हिशोबाच्या सोयीसाठी आला आणि मग लोकांच्या मनात बसला. मला हा शब्द मुळीच आवडत नाही. ज्याच्या जिवावर खालच्या विहिरीला पाणी येते त्याला खराब म्हणणे म्हणजे गाईला दूध काढून झाल्यावर निकामी म्हणण्यासारखे आहे.

पण याच शब्दात एक गंमतही दडलेली आहे. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे असल्यामुळे लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवलेली जमीन. रस्ता, वहिवाटीची पाऊलवाट, इतर लोकही ज्याचे पाणी पितात असे तळे किंवा ओढा, स्मशान, कुंभारकामाची जागा, हे सारे त्यात येते. म्हणजे एखाद्याच्या खाजगी सातबारावरसुद्धा चार-दोन गुंठे असे असू शकतात, की जे त्याच्या नावाच्या क्षेत्रात पडतात परंतु वापर मात्र गावाचा असतो. घरचा उतारा हाती आला की ‘पो. ख.’ या अक्षरांसमोर काय लिहिले आहे ते अवश्य पाहा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रत्नागिरीतील सगळे सडे सार्वजनिक मालकीचे नाहीत. गडचिरोली किंवा चंद्रपूर जिल्ह्यांशी तुलना केली तर येथे सरकारी वन अगदी थोडे आहे. बरेचसे सडे आणि डोंगरउतार खाजगी आहेत, आणि एकेका सातबारावर पाचपन्नास हिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील निम्मे चाकरमानी मुंबईत. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्या कातळावर सर्वांची गुरे चरली, सर्वांनी तेथून वाट तुडवली. मालकी एकाची आणि वापर सर्वांचा, अशी ही दुपेडी रीत आहे. मालक दूर असेल आणि वापरणारे कमी झाले, तर ती रीत केव्हा तुटली हेही कळत नाही. एक दिवस सड्यावर यंत्र येते, चिरेखाण सुरू होते किंवा कलमांसाठी सुरुंगाने खड्डे काढले जातात, आणि मग लोक विचारतात, ‘अरे, इथली वाट कुठे गेली?’ २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासण्याकरिता छिद्रे घेण्यास आरंभ झाला, तेव्हा गावकरी, त्यांत बऱ्याच स्त्रिया, कातळावर जाऊन बसल्या. प्रकल्प असावा की नसावा यावर मते निरनिराळी होती. परंतु ‘ही पडीक जागा आहे’ आणि ‘हा आमचा सडा आहे’ ही एकाच जमिनीची दोन वर्णने आहेत, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

एकावन्नावे गुरू

आता खाली उतरण्यापूर्वी एक कोडे सोडवू. समजा, गावाचे एक गुरचरण आहे आणि त्यात पन्नास गुरांना पुरेल एवढे गवत आहे. पन्नास घरांची पन्नास गुरे चरतात. एकाने एकावन्नावे गुरू आणून सोडले. त्या गुराचे सगळे दूध त्याला एकट्याला मिळाले. गवत कमी पडल्याचा तोटा मात्र पन्नास घरांत वाटला गेला. म्हणजे त्याचा फायदाच झाला! हे पाहून दुसऱ्यानेही एक आणले, तिसऱ्याने आणले. काही वर्षांत गवताचे मूळच संपले आणि सारीच गुरे उपाशी राहिली.

अमेरिकेतील गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे कोडे मांडले आणि म्हटले, की सामाईक कुरणाचा शेवट असाच व्हायचा. पुष्कळांना ते पटले. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने नुसते गणित मांडण्याऐवजी जगातील खरी गावे पाहिली. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावात १५१७ सालापासून एक नियम लिहून ठेवलेला होता. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढी गुरे पोसता येतील तेवढीच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडायची. नियम सोपा, मोजायला सोपा, आणि मोडणारा लगेच उघडा पडणारा. ती कुरणे शतकानुशतके टिकली. ऑस्ट्रॉमबाईंनी दाखवून दिले, की हार्डिनचे कुरण बिननियमाचे होते, आणि खऱ्या गावांना बहुधा नियम असतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषयात हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

आपल्याकडेही नियम होतेच. पावसाळ्यात शेते उभी असताना गुरे राखणीत ठेवायची, घराघरांनी पाळीपाळीने राखायची. भात कापून घरात आले की मग ती उनाड सोडायची. त्याआधी कोणाचे ढोर शेतात शिरले तर त्याची रवानगी कोंडवाड्यात. हे कोणी पुस्तकात वाचून केले नव्हते.

मात्र आजच्या रत्नागिरीला हार्डिनचे कोडे उलटे लागू पडते, असे मला वाटते. तेथे भीती होती ती एकावन्नाव्या गुराची. येथे पन्नासांतली पाचच उरली आहेत. तरुण मंडळी शहरात गेली, गोठे रिकामे झाले, सड्यावर कोणी जात नाही. वापरणारा माणूस हाच अशा जमिनीचा राखणदार असतो. तो गेला, की ‘ती कोणाचीच नाही’ हे शेजाऱ्याचे उत्तर खरे होऊ लागते.

देवरहाटी, पाखाडी आणि तळे

सड्याच्या उतारावर बहुतेक गावांत एक दाट झाडी दिसते. ती देवरहाटी. तेथील काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक असे. १९७० नंतरच्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील अशा राया हिंडून पाहिल्या, तेव्हा इतरत्र दुर्मिळ झालेले वृक्ष आणि वेली त्यांत सुखरूप असल्याचे दिसून आले. गाव म्हणते ही देवाची, परंतु कागदोपत्री यांतील कित्येक जमिनी महसूल खात्याकडे आहेत. आजीचे उत्तर आणि पहिले उत्तर अशा रीतीने एकाच झाडाखाली भेटतात.

पाखाडीने वाडीत उतरलो, की लागते पाणवठ्याची जागा. ‘सार्वजनिक’ या शब्दाची खरी परीक्षा येथे होते. कारण जागा सर्वांच्या पैशाने बांधली, सर्वांच्या नावाने लिहिली, तरी ती सर्वांना खुली असतेच असे नाही. रत्नागिरीच्या उत्तरेला, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात महाड आहे. तेथील चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर. गुरेढोरे तेथे पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पीत होते, दलितांना मात्र मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. तळ्यावर गेलेल्यांना त्या दिवशी मारहाण सोसावी लागली. पुढे खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्यांना मज्जाव करण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही.

तळ्यातले पाणी १९२३ लाही तेच होते आणि १९३७ लाही तेच. बदल झाला तो कोणी जाऊन ओंजळ भरली म्हणून.

लाटेची रेषा

आता आपण किनाऱ्याला आलो. रत्नागिरीच्या भाट्याची पुळण घ्या किंवा तुमच्या गावाजवळची. माडाच्या वाड्या खाजगी असतात. पण भरतीचे पाणी जेथवर चढते, त्याच्या खालची वाळू कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे विसावे कलम याचे उत्तर देते. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, पूल, नद्या, ओढे, नाले, तलाव, समुद्राचा आणि बंदरांचा तळ, भरतीच्या रेषेखालील खाड्या, यांपैकी जे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाही ते सर्व राज्य शासनाचे. बाविसावे कलम सांगते, की गावातील रिकाम्या जमिनी गुरचरण, जळणाचे रान, गावठाण, खळे, बाजार, स्मशान अशा कामांसाठी राखून ठेवता येतात. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी. तरी ही दोन कलमे वाचताना मला एखाद्या गावाचे चित्रच डोळ्यांसमोर दिसते.

‘शासनाचे’ म्हणजे शासन त्याचे हवे ते करू शकते काय? नाही. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियन याच्या कायद्याच्या ग्रंथात लिहिले गेले, की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू निसर्गतःच सर्वांच्या आहेत. १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या एका खटल्यात याच तत्त्वाचा आधार घेतला. शासन हे अशा वस्तूंचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, असे न्यायालय म्हणाले. २०११ साली पंजाबमधील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला, की गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर अतिक्रमणे काढण्याची योजना तयार करा.

पुळण सर्वांची असल्याने काय घडते, ते रापणीच्या वेळी पाहा. होडीतून जाळ्याचा मोठा अर्धगोल पाण्यात टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावर उभी असलेली माणसे ओढून घेतात. या कामाला वीस-तीस माणसे लागतात आणि लांबच लांब मोकळी वाळू लागते. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. मध्येच एखाद्याने कुंपण घातले तर रापण ओढताच येणार नाही.

मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने तर पुळणीचा वेगळाच उपयोग केला. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवी हिवाळ्यात रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ती अंडी कुत्री-कोल्हे उकरत आणि माणसेही विकून टाकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी गोळा करून कुंपणाच्या आत तशाच खोलीवर पुरण्यास सुरुवात केली. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात. आता ती पाहायला दूरदूरचे लोक येतात आणि गावातील घरांतच उतरतात. एक शास्त्रीय नवल सांगतो. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक गरम असली तर माद्या अधिक. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राचे क्षितिज सर्वांत उजळ असते, म्हणून ती बरोबर पाण्यात जातात. किनाऱ्यालगत दिव्यांचे खांब लागले, की ती उलट जमिनीकडे फिरतात.

खाडीकाठच्या खाजणात तिवर आणि कांदळ उभे असते. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर डोकावतात आणि हवेतून श्वास घेतात. त्या मुळांच्या जाळीत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. पूर्वी या झाडीलाही ‘बिनकामाची’ म्हणून तोडून भराव घालीत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला बंदी केली आणि शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले. २०१२ मध्ये त्यासाठी वन खात्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला.

करून पाहा

हे सर्व नुसते वाचण्याचे नाही. शिक्षकांनी पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करावेत आणि एका गटाला तलाठी कार्यालयात न्यावे. गाव नमुना १-ब ही शासकीय, म्हणजे कोणाच्याही भोगवट्यात नसलेल्या जमिनींची नोंदवही असते, आणि १-ई ही अतिक्रमणांची. दोन्हींतील गट क्रमांक उतरवून घ्या. गावाच्या नकाशाची प्रत मिळवा आणि त्या गटांना हिरवा रंग द्या. मग आजोबा-आजींना बरोबर घेऊन तेथे प्रत्यक्ष जा. नकाशातील वाट जमिनीवर आहे का? जमिनीवर असलेली वाट नकाशात आहे का? सड्यावरचे पाणी कोणत्या बाजूला उतरते आणि कोणत्या विहिरीकडे जाते? गडगे कोठे नवीन उठले आहेत? कोणाशी वाद घालू नका, फक्त नोंद करा. दिसले तेवढे लिहा.

दुसऱ्या गटाने पुळणीवर जावे. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोन दिवसांत उधाणाची भरती येते, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. भरतीची वेळ कोळी बांधवांना विचारून घ्या. पाणी पूर्ण चढले, की ओल्या रेषेपासून सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि ते उतरू लागल्यावर त्या रेषेवर बांबूची काठी रोवा. जवळच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून, म्हणजे विहिरीच्या कठड्यापासून किंवा जुन्या माडापासून, काठीचे अंतर टेपने मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. भांगाच्या दिवशी पुन्हा मोजा. किनाऱ्याच्या नियमांत भरतीची रेषा म्हणून धरतात ती उधाणाची, भांगाची नव्हे. वर्षभराच्या चोवीस-पंचवीस उधाणांची मापे जमली, की आलेख काढा आणि वही शाळेत ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच माडापासून मोजायचे आहे, तेव्हा तो माड कोणता, हे मात्र स्पष्ट लिहून ठेवा.